वात तेल कशी ओढते?

नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरहून निघणाऱ्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. गावोगावची मंडळे भवानीमातेच्या मंदिरातून ज्योत पेटवून घेतात आणि आळीपाळीने धावत ती आपल्या गावी नेतात. कोणी पंचवीस किलोमीटर धावतो, कोणाचे गाव दोन जिल्हे ओलांडून असते. बरोबरच्या माणसाकडे तेलाचा डबा असतो. ज्योत मंदावली की तेल घालायचे, पुन्हा पुढे निघायचे. गोंधळी आणि आराधी यांच्या हातातला पोत हा याच जातीचा. कापडाचा पीळ घट्ट वळायचा, तो तेलात भिजवायचा, पेटवायचा आणि अधूनमधून बुधलीतून तेल घालत राहायचे. खंडोबाची दिवटी आणि पहाटेच्या आरतीचा काकडा हीही त्याचीच भावंडे.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा : पोतात जळते काय? बहुतेक मुले 'कापड' असे उत्तर देतील. मग पुढचा प्रश्न : तेवढेच कापड तेलाशिवाय पेटवले तर किती वेळ जळेल? काही मिनिटांत त्याची राख होईल, हे मुलांना ठाऊक असते. तेल घातलेला पोत मात्र तासन्‌तास चालतो आणि शेवटी कापड बरेचसे शिल्लक राहते. म्हणजे जळते ते तेल. कापड ते तेल फक्त ज्योतीपर्यंत पोहोचवते, आणि स्वतः जळण्यापासून बचावते. ही दोन कामे ते कशी करते, याचा विचार आपण या लेखात करणार आहोत. पणती, कंदील आणि वातीचा स्टोव्ह यांतली वात जे करते, तेच काम सध्या एका वेगळ्याच उपकरणातला कापूस करतो. त्या उपकरणावर आपल्या देशात बंदी आहे, तरीही वरच्या वर्गांतल्या मुलांच्या कानांवर त्याचे नाव आलेले असते. त्याचाही विचार शेवटी करू.

केशाकर्षण म्हणजे नेमके काय?

तेल खालून वर चढते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध जाते. त्याला वर ओढणारे बल कोणते?

द्रवाचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, तसेच ते शेजारच्या घन पदार्थाच्या रेणूंकडेही ओढले जातात. घन पदार्थाची ओढ पुरेशी जोरदार असली तर द्रव त्याच्या पृष्ठभागावर पसरतो. आपण म्हणतो की द्रवाने पदार्थ 'भिजवला'. अरुंद नळीत असे झाले की कडेचा द्रव भिंतीवर थोडा वर सरकतो आणि पृष्ठताणामुळे मधल्या द्रवालाही आपल्यामागे ओढतो. वर चढलेल्या द्रवस्तंभाचे वजन या ओढीइतके झाले की चढणे थांबते. यालाच केशाकर्षण म्हणतात.

नळी जितकी अरुंद, तितका द्रव अधिक उंच चढतो. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे ३ सेंमी. चढते. व्यास त्याच्या एक पंचमांश केला, तर ते सुमारे १५ सेंमी. चढते. वातीत काचेच्या नळ्या नसतात, पण धाग्याधाग्यांमध्ये आणि तंतूतंतूंमध्ये असंख्य अरुंद फटी असतात. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून बारीक असतो. असे हजारो तंतू एकत्र वळले की त्यांच्यामधल्या फटी केशनलिकांचे काम करतात.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी मेणबत्तीवरील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत हे दाखवण्यासाठी फार साधी युक्ती वापरली होती. बशीत मिठाचा एक खांब उभा करायचा आणि बशीत रंगीत केलेले मिठाचे संपृक्त द्रावण ओतायचे. पाणी आधीच मिठाने संपृक्त असल्यामुळे खांब विरघळत नाही. रंग मात्र मिठाच्या कणांमधल्या फटींतून वर चढत जातो. कोणत्याही शाळेत हा प्रयोग सहज करता येईल.

उंची आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी

येथे एक घोटाळा होण्याचा संभव असतो. द्रव किती उंच चढेल हा एक प्रश्न झाला, आणि किती वेगाने चढेल हा दुसरा. दिव्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण ज्योत दर मिनिटाला ठरावीक तेल खाते. तेवढे तेल वातीने पुरवले नाही तर ज्योत लहान होते आणि वात जळू लागते.

वेग ठरवणारा मुख्य गुण म्हणजे द्रवाची श्यानता, म्हणजेच त्याचा घट्टपणा. खोलीच्या तापमानाला शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल पाण्याच्या सुमारे पन्नास-साठ पट घट्ट असते. पूर्वी दिव्यात वापरले जाणारे एरंडेल तर पाण्याच्या कित्येक शे पट घट्ट असते. रॉकेल मात्र पाण्याहून थोडेसेच घट्ट असते. गंमत अशी की एकाच वातीत गोडे तेल आणि रॉकेल जवळजवळ सारख्याच उंचीपर्यंत चढू शकतात, कारण त्यांच्या पृष्ठताणात फारसा फरक नाही. पण तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळात मोठे अंतर पडते.

आपल्या घरातल्या दिव्यांचे आकार या एका गोष्टीवरून समजतात. पणती उथळ असते, समईचे ताट पसरट असते आणि वात काठावर आडवी टेकवलेली असते. त्यामुळे तेलाची पातळी ज्योतीच्या अगदी जवळ राहते आणि घट्ट तेलाला फार चढावे लागत नाही. ज्योतीच्या उष्णतेने जवळचे तेल पातळ होते, तीही मदत होते. निरांजनातले तूप तर थंडीच्या दिवसांत गोठलेलेच असते. फुलवातीच्या ज्योतीची ऊब ते आधी वितळवते आणि मग वात ते ओढते. उलट कंदिलाची टाकी तळाशी आणि ज्योत बरीच वर असते. ओगलेवाडीच्या कारखान्याने घरोघर पोहोचवलेला प्रभाकर कंदील आठवावा. ही रचना रॉकेल पातळ आहे म्हणूनच जमते. त्या कंदिलात गोडे तेल घालून पाहिले तर वात थोड्याच वेळात करपू लागेल.

युरोपातही हीच अडचण आली होती. एमे आर्गां यांनी १७८० च्या सुमारास पोकळ, नळीसारख्या वातीचा दिवा तयार केला. आतून आणि बाहेरून हवा मिळाल्यामुळे त्याचा उजेड साध्या दिव्याच्या कितीतरी पट पडे. पण त्या काळचे तेल घट्ट असल्यामुळे तेलाची टाकी ज्योतीच्या बाजूला उंचावर ठेवावी लागे आणि तिची सावली पडे. १८०० मध्ये कार्सेल यांनी टाकी खाली नेली, पण त्यासाठी तेल वर चढवणारा घड्याळाच्या यंत्रासारखा पंप बसवावा लागला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रॉकेल आले आणि पंपाची गरजच संपली.

पीळ घट्ट असावा की सैल?

वाती वळणाऱ्या आजीला हे कोणी शिकवलेले नसते, पण तिच्या बोटांना ते ठाऊक असते. फार सैल वळलेली वात तेलात पडून राहते आणि धूर सोडते. फार घट्ट वळलेली वात मिणमिणते. असे का होते?

पीळ घट्ट केला की फटी अरुंद होतात. त्यामुळे ओढ वाढते, आणि तेल अधिक उंच चढू शकते. पण अरुंद फटीत द्रवाला होणारा अडथळा त्याहून वेगाने वाढतो. फटीची रुंदी निम्मी केली तर ओढ दुप्पट होते, पण अडथळा चौपट होतो. हिशेब केला तर पुरवठा निम्म्यावर येतो. म्हणून फार उंच चढवायचे नसेल तेथे सैल वात चांगली, आणि तेलाची पातळी खोल असेल तेथे घट्ट वात चांगली. वात तयार करणे म्हणजे या दोहोंमधला मेळ साधणे होय. वातीच्या स्टोव्हमध्ये नळीत वात कोंबून बसवली की ज्योत निळी न राहता मरगळते, आणि सैल बसवली तर कडेने रॉकेल वर येऊन भडका उडतो. त्याचेही कारण हेच आहे.

वेगाबद्दलचा दुसरा नियमही सुंदर आहे. द्रव जसजसा पुढे सरकतो, तसतशी त्याच्या मागची ओली वाट लांबत जाते आणि अडथळा वाढत जातो. ओढ मात्र तेवढीच राहते. म्हणून वेग मंदावतो. लुकास यांनी १९१८ मध्ये आणि वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये दाखवले की, द्रवाने कापलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एक मिनिटात जेवढे अंतर, त्याच्या दुप्पट अंतराला चार मिनिटे आणि तिप्पट अंतराला नऊ मिनिटे लागतात.

कापूसच का?

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात तगराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून साधे कापड आणि निरनिराळ्या जातींची मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे या भागाचा कापसाशी संबंध किमान दोन हजार वर्षांचा आहे. पण कापसाचा एक गुण मुलांना चकित करील.

बोंडातून नुकताच काढलेला कापूस पाण्यावर टाका. तो तरंगतो, आणि बराच वेळ कोरडाच राहतो. आता औषधाच्या दुकानातला कापूस टाका. तो काही सेकंदांत भिजून बुडतो. औषधी मानकांनुसार तो दहा सेकंदांच्या आत बुडलाच पाहिजे आणि त्याने स्वतःच्या वजनाच्या तेवीस पट तरी पाणी धरले पाहिजे. दोन्ही कापूसच आहेत. मग फरक कशाचा?

कापसाचा तंतू सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ मोठी असते. पण झाडावरच्या तंतूवर मेणाचा एक अतिशय पातळ थर असतो. वजनाने तो शंभरात जेमतेम एक भाग भरेल. तेवढाच थर पाण्याला दूर ठेवायला पुरतो. कापूस अल्कलीत उकळून तो मेणाचा थर काढला की आतले सेल्युलोज उघडे पडते.

तेलाची गोष्ट उलटी आहे. तेलाला मेणाचे वावडे नाही, त्यामुळे कच्चा कापूस तेल आनंदाने ओढतो. म्हणूनच आपल्याकडे सरकी काढलेल्या साध्या कापसाच्या वाती शतकानुशतके चालत आल्या. एकच तंतू एका द्रवाला वात म्हणून चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही. फटी आणि पीळ यांच्याइतकाच तंतूचा पृष्ठभागही महत्त्वाचा आहे, हा यातला धडा.

वात जळत कशी नाही?

कागदाच्या द्रोणात पाणी घालून ते ज्योतीवर उकळता येते, हा प्रयोग बहुतेक शिक्षकांना माहीत असेल. पाणी आहे तोवर कागदाचे तापमान १०० अंश से.च्या फार वर जात नाही, आणि तेवढ्यावर कागद पेटत नाही. पाणी संपले की तो जळतो.

वातीचे रक्षणही असेच होते. ज्योतीची उष्णता तेलाची वाफ करण्यात खर्च होते. जोवर खालून तेल येत असते तोवर वातीचा भिजलेला भाग सुरक्षित राहतो. सेल्युलोज सुमारे ३०० अंश से.च्या पुढे विघटित होऊ लागते. तेलाची भरपूर वाफ व्हायलाही साधारण याच टापूतले तापमान लागते. म्हणून वातीचे टोक काळे पडते, पण मागचा भाग पांढरा राहतो. तेल संपले की हे काळेपण भराभर मागे सरकते.

न जळणारी वात शोधण्याचे प्रयत्नही जुने आहेत. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवरील एका दिव्यात न जळणारी वात होती, असे पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवले आहे. ती अॅसबेस्टॉसची असावी, असे मानतात. अॅसबेस्टॉसचे तंतू फुप्फुसांना घातक असल्यामुळे ते आता वर्ज्य आहे. त्याची जागा काचतंतूंनी घेतली आहे.

दिवा फुंकल्यावर येणारा उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास सर्वांच्या परिचयाचा आहे. वात गरम असते, ज्योत नसते, आणि अर्धवट तापलेल्या तेलाचे तुकडे हवेत जातात. गोड्या तेलाच्या रेणूत ग्लिसरीनचा भाग असतो. तो फार तापला की अॅक्रोलिन नावाचा झोंबरा पदार्थ तयार होतो. करपलेल्या तेलाच्या वासातही तोच असतो. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

बंदी असलेली वात

ई-सिगारेट हे उपकरण चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये आजच्या स्वरूपात आणले. पेनासारख्या किंवा लहान डबीसारख्या या वस्तूत एक विजेरी, धातूच्या तारेचे वेटोळे आणि त्यातून ओवलेली वात असते. वातीचे दुसरे टोक द्रवात असते. द्रव म्हणजे मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात सुगंध आणि बहुधा निकोटिन. तार तापली की वातीतल्या द्रवाची वाफ होते, ती लगेच थंड होऊन बारीक थेंबांचे धुके बनते आणि ते ओढले जाते. येथे ज्योत नाही, पण बाकी सगळा पणतीचाच कारभार आहे.

वातीच्या साहित्याचा इतिहासही येथे पुन्हा घडला. सुरुवातीला सिलिकाच्या, म्हणजे काचतंतूंच्या जातीच्या दोऱ्या वापरत. पुढे मेण काढलेला कापूस आला, कारण हे द्रव तेलकट दिसले तरी पाण्यात मिसळणारे आहेत आणि कच्चा कापूस त्यांना सहज घेत नाही. काही प्रकारांत सच्छिद्र चिनी माती किंवा पोलादी जाळी असते. काही उपकरणांत वापरणारा स्वतःच वात बदलतो, आणि तेथेही घट्ट की सैल हाच प्रश्न येतो. शुद्ध ग्लिसरीन तीस अंशांना पाण्याच्या सातशे पटींहून अधिक घट्ट असते. त्यामुळे पुरवठा तुटण्याचा धोका मोठा असतो.

पुरवठा तुटला की काय होते हे आपण वर पाहिलेच. प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंशांना आणि ग्लिसरीन २९० अंशांना उकळते. वात ओली असेपर्यंत तापमान या टापूत राहते. ती सुकली की तारेचे तापमान एकदम चढते, कापूस करपतो आणि द्रवाचे रेणू तुटतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि तेच ते अॅक्रोलिन तयार होते. वात नीट भिजलेली असतानाही हे पदार्थ थोड्या प्रमाणात तयार होतातच. सुकल्यावर ते कितीतरी वाढतात. तारेतले निकेल व क्रोमियमही धुक्यात आढळले आहे. पणतीचा करपलेला धूर आपण तोंड फिरवून टाळतो. येथे तो थेट फुप्फुसात ओढला जातो.

'ही नुसती पाण्याची वाफ असते' हे वाक्य मुलांच्या कानांवर पडलेले असते. त्याला केवळ धाक दाखवून उत्तर देता येणार नाही. पण वात कशी चालते हे ज्याला समजले, त्याला या वाक्यातली चूक स्वतःच सापडेल. द्रवात पाणी मुख्य नाही, मग वाफ पाण्याची कशी असेल? शिवाय निकोटिनचे व्यसन लागते, आणि वाढत्या वयात ते लवकर जडते. अमेरिकेत २०१९ मध्ये अशा उपकरणांमुळे फुप्फुसांच्या गंभीर आजाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि ६८ मृत्यू झाले. त्यात गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेले ई जीवनसत्त्वाचे एक तेलकट संयुग मुख्य दोषी ठरले. वातीतून काय ओढले जाते याला किती महत्त्व आहे, हे त्यावरून दिसते.

भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकमाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घालण्यात आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या दप्तरात अशी वस्तू आढळली तर ती काय आहे, हे शिक्षकांना ओळखता यावे, एवढ्यासाठीच हे वर्णन येथे दिले आहे.

वर्गात करण्याजोगे काही

पुढील प्रयोगांना ज्योत लागत नाही.

१. बोंडातला कापूस आणि औषधी कापूस पाण्यात व गोड्या तेलात टाकून तुलना करा. मग बोंडातला कापूस धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळा, स्वच्छ धुऊन वाळवा आणि पुन्हा पाण्यात टाका. उकळण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

२. टीपकागदाच्या पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि टोक रंगीत पाण्यात बुडवा. एक, चार आणि नऊ मिनिटांनी पाणी कोठवर आले ते लिहा. अंतरे १ : २ : ३ च्या जवळ येतात का ते पाहा. वारा लागू नये म्हणून पट्टी बरणीत ठेवावी.

३. सारख्याच दोन पट्ट्या घेऊन एक पाण्यात आणि एक ग्लिसरीनमध्ये बुडवा. दहा मिनिटांनी अंतरे मोजा.

४. मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यातून कापडाची वात ओवा. मडके रोपाशेजारी पुरून पाण्याने भरा. सैल वात, घट्ट वात आणि सुताऐवजी नायलॉनची दोरी अशी तीन मडकी लावून रोज किती पाणी कमी होते ते नोंदवा. सुती वात ओल्या मातीत काही महिन्यांत कुजते, हेही दिसेल.

शेवटचा प्रयोग आम्हाला विशेष आवडतो. धाराशिवसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात शाळेच्या बागेला त्याचा उपयोग आहेच, शिवाय त्यातून एक नवा प्रश्न निघतो. जमीनही एक मोठी वातच आहे. खालची ओल मातीच्या कणांमधल्या फटींतून वर येते आणि उन्हाने उडून जाते. शेतकरी कोळपणी करतो तेव्हा वरच्या थरातल्या या फटींची सलगता तुटते आणि काळ्या मातीच्या भेगाही बुजतात, त्यामुळे ओल टिकते. म्हणजे दिव्यात आपण वात चालू राहावी म्हणून धडपडतो, आणि शेतात ती तुटावी म्हणून. दोन्हींमागचे कारण एकच कसे, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहून दाखवले, तर त्यांना केशाकर्षण समजले असे खुशाल मानावे.